लोखंडातून आलेले ठोके

मार्च लागला की आमच्या नोएडातल्या सोसायटीतले कडुनिंब पिवळे पडतात आणि आठवड्याभरात सगळी पानं खाली टाकून मोकळे होतात. सकाळी झाडूची खरखर ऐकू येते, आणि झाडणारीची पाठ फिरली की वारा तो ढीग पुन्हा अंगणभर पसरून ठेवतो. रस्त्याकडेची काटेसावर आपली जाडजूड लाल फुलं थप्पकन टाकत असते. माझ्या मुलीला, तन्वीला, काटेसावर हा शब्द ठाऊक नाही. ती त्या झाडाला सेमल म्हणते. मीही बाहेर सेमलच म्हणते, पण मनात काटेसावर येते, आणि तिच्या मागोमाग भीती. तन्वीला वाटतं, आईला आपल्या परीक्षेची भीती वाटते. मी तिचा समज मोडत नाही.

परवा दुपारी ती जेवणाच्या टेबलावर फिजिक्सचं पुस्तक पसरून बसली होती. अकरावीची वार्षिक परीक्षा, आणि धडा तरंगांचा. मी शेजारीच पोळ्या लाटत होते.

"आई, एक सांग. दोरीला झटका दिला की वेव्ह पुढे जाते. पण दोरी तर तिथेच राहते ना? मग पुढे जातं काय?"

"एनर्जी," मी म्हटलं.

"ते पुस्तकात लिहिलंय यार. पण म्हणजे काय?"

माझं लाटणं थांबलं होतं. "खबर जाते," मी म्हटलं. "या टोकाला काय झालं त्याची खबर त्या टोकाला पोचते."

ती हसली. "पेपरात असं लिहू? मॅडम झिरो देतील बिल्कुल."

मीही हसले. तव्यावरची पोळी करपली होती.

*

मी अकरावीत होते तेव्हा आम्ही मयूर विहारला राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. वर्ध्याजवळच्या खेड्यातून नागपूर, नागपूरहून दिल्ली, दिल्लीत पंधरा वर्षं सरकारी क्वार्टर, आणि मग हा सहकारी सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आमच्या घराण्यातली ही पहिली सिमेंटची, स्वतःच्या नावाची भिंत. आई तिला नुसता हात लावून बघायची. गृहप्रवेशाला नागपूरहून आलेल्या काकांनी बुद्धवंदना घेतली, मग जिन्यात उभे राहून वर बघत म्हणाले, "एवढ्या लोकांच्या डोक्यावर राहायचं म्हणजे भीतीच वाटते रे."

यमुनेपलीकडचा तो सगळा भाग तेव्हा बांधला जात होता. जिकडे पाहावं तिकडे अर्धवट इमारती, वाळूचे ढीग, सळ्यांचे भारे. शेतं होती, ती बघता बघता खड्डे होत होती. घराघरात रंगीत टीव्हीवर नवे चॅनल आले होते, खाली नव्या छोट्या गाड्या लागू लागल्या होत्या. मोठी माणसं देश आता खुला झाला असं म्हणायची. मला मात्र दिवसभर दिसायची ती खुली झालेली जमीन. आमच्या कुंपणभिंतीला लागूनच दुसऱ्या सोसायटीचा खड्डा खणत होते. खणत होते म्हणजे किती, तर आमच्या बाल्कनीतून त्याचा तळ दिसत नसे.

त्या खड्ड्यापलीकडे, थोडं दूर, जमिनीत खांब ठोकणारं यंत्र होतं. वजन वर जाई, क्षणभर लटके आणि पडे. पडताना ते अगदी मुकं असायचं. मग, मी पापणी मिटून उघडेपर्यंत, धप्प. आधी दिसायचं, नंतर ऐकू यायचं. मला त्या मधल्या क्षणाची विलक्षण भीती वाटायची. घडून तर गेलेलं आहे आणि आपल्यापर्यंत अजून आलेलं नाही, असा तो क्षण. टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यात गोल वळी उठायची, काठाला लागून परत फिरायची. दाराच्या चौकटीवर केसाएवढी भेग होती, ती फेब्रुवारीत बोटभर लांब झाली.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून. शेजारच्या ठेकेदाराला ते पत्रं लिहायचे, प्रत फाइलला लावायचे, आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून फिजिक्स शिकायचे. शिकवायचे नाहीत हं, शिकायचे. त्यांचं शिक्षण आर्ट्सचं, तेही शाळेपर्यंत मराठीतून. पण मुलगी सायन्सला गेली आणि शिकवणी लावून न देता तिच्या बरोबरीने आपणच अभ्यास करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"अवतरंग आणि अनुतरंग," एकदा ते खूश होऊन म्हणाले. "आठवले बघ शब्द. आता कुठला कोणता ते तू सांग."

मला शब्दच माहीत नव्हते. मी इंग्रजीतून सांगितलं, की एकात कण आडवे हलतात, तरंगाच्या दिशेला काटकोनात. आणि दुसऱ्यात तरंग जातो त्याच रेषेत मागेपुढे, आवाजासारखे. मग आम्ही कपडे वाळत घालायची दोरी काढून दाराच्या कडीला बांधली. बाबांनी मधोमध लाल धागा बांधला आणि झटका दिला. लाट पळत कडीपर्यंत गेली, परत आली. धागा होता तिथेच, जरासा वरखाली झाला इतकंच.

"अरे," बाबा म्हणाले, "हा बिचारा कुठेच गेला नाही!" आणि मग त्यांनी पुन्हा झटका दिला, पुन्हा बघितलं. पन्नाशीला आलेला माणूस, ऑफिसची पँट, बनियन, हातात दोरी. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, माझे कपडे कुठे वाळत घालू?"

*

आता आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. दिल्लीत जमीन अधूनमधून हलते. पंखा डुलायला लागला की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतात, लोक जिन्याने धावत खाली जातात, हसत-घाबरत फोन करत उभे राहतात. मी पहिल्यांदा बाथरूममध्ये जाते. नळाच्या पाइपावर तळहात ठेवते, मग खाली उतरते. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, हे काय? मी म्हटलं, सवय.

*

तो रविवार होता. मंगळवारी माझा फिजिक्सचा पेपर. सकाळी दहाच्या सुमाराला हरपाल वर आला. हरपाल म्हणजे सोसायटीचा पंप चालवणारा माणूस. बुलंदशहराकडचा, बाबांच्याच वयाचा, उंच, नेहमी मळक्या स्वेटरमध्ये. बाबा त्याला हरपालजी म्हणायचे आणि आई त्याला आमच्याच कपात चहा द्यायची. त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही.

"साहब, पंप रूम की दीवार से रेत आ रही है. एक बार देख लो."

पंपाची खोली खाली कुंपणभिंतीला चिकटून होती, जमिनीत पुरल्यासारखी. दहा पायऱ्या उतरून जावं लागे. खोलीच्या एका बाजूला आमची पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला तो खड्डा. बाबांनी चपला घातल्या. जाताना मला म्हणाले, "लॉन्जिट्यूडिनलचं उदाहरण शोधून ठेव. आवाज सोडून दुसरं."

मी शोधत होते. खड्ड्यात रविवारीही बुलडोझर चालू होता. एकाएकी एक आवाज आला, तो धप्प नव्हता. पोतं फाडल्यासारखा, लांबलचक. मग तळाशी काहीतरी बसलं, ते मला खुर्चीतून कळलं. पंखा बंद पडला. आणि मग बायकांच्या किंकाळ्या.

बाल्कनीतून मी पाहिलं. कुंपणभिंत नव्हती. तिच्या जागी विटांचा आणि ओल्या वाळूचा उतार होता, आणि पंपाच्या खोलीच्या पायऱ्या होत्या तिथे नुसती वाळू. आई अनवाणी जिना उतरत होती, तिच्या हाताला कणीक होती.

मी खाली गेले नाही. हे मी कोणाला फारसं सांगत नाही. मला जाता आलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. बांधणाऱ्याने कसला विचार केला होता कोण जाणे, पण पंपापासून गच्चीच्या टाकीकडे जाणारा जाड लोखंडी पाइप आमच्या बाथरूमच्या कोपऱ्यातून नेलेला होता. मी त्याला धरून उभी राहिले आणि कपाळ त्यावर टेकलं, कारण तो गार होता.

टक.

मला वाटलं, माझेच दात वाजतायत. मी जबडा घट्ट मिटला.

टक. टक.

कान लावला. बाहेरचा गोंगाट, बुलडोझरची घरघर, सगळं एकदम लांब गेलं, आणि पाइपाच्या आतून, जणू माझ्या कवटीतूनच, कोणीतरी लोखंडावर लोखंड मारत होतं. हवेत आवाज जेवढ्या वेगाने जातो त्याच्या पंधरापट वेगाने तो लोखंडातून जातो. ही ओळ मी आदल्याच दिवशी पाठ केली होती. पाठ करताना मला ती खरी वाटली नव्हती.

स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला आणि पाइपावर तीन ठोके मारले. थांबले. खालून तीन आले. मी पुन्हा दोन मारले. दोन आले.

मी रडायला लागले, पण आवाज होऊ नये म्हणून तोंडात ओढणी कोंबली.

आणि मग ते बदललं. बुलडोझरने खड्ड्याच्या बाजूने वाळू उपसायला घेतली, तसे खालचे ठोके वेडेवाकडे, घाईघाईने येऊ लागले. यंत्र थांबलं की ठोके संथ. सुरू झालं की पुन्हा ती तडफड. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मला समजलं. यंत्राच्या हादऱ्याने वाळू आत ओतली जात होती, त्यांच्या अंगावर.

तेव्हा मी धावले. तीन मजले मी कशी उतरले ते मला आठवत नाही. ठेकेदाराचा माणूस हातवारे करत उभा होता. मी त्याची बाही धरली.

"मशीन बंद करो! अंदर ज़िंदा हैं, पाइप बजा रहे हैं. मशीन से रेत गिर रही है उन पर!"

"बेटा, पाइप तो पानी से भी बजता है," तो म्हणाला. "हटो यहाँ से."

"बिजली नहीं है! पंप बंद है!"

तळमजल्यावरचे नायर अंकल तेव्हा पुढे आले. रिटायर्ड गृहस्थ, मोजकं बोलणारे. "मैं सुनता हूँ," एवढंच म्हणाले आणि त्या वयात तीन जिने चढून आमच्या बाथरूममध्ये आले. चष्मा काढून पाइपाला कान लावला. त्यांचा चेहरा मी जवळून पाहत होते. तो हळूहळू उघडत गेला.

खिडकीतून वाकून त्यांनी आरोळी दिली, "मशीन बंद! कोई ज़िंदा है!"

खालून कोणीतरी विचारलं, "एक कि दोनों?"

नायर अंकलनी माझ्याकडे पाहिलं. लोखंडाला हा प्रश्न कसा विचारायचा? मी बत्ता उचलला. एक ठोका मारला, थांबले. मग दोन ठोके, जोडून. पुन्हा एक, थांबले, पुन्हा दोन. मग पाइपाला कान लावून मी वाट पाहिली.

किती वेळ गेला? मोजला तर दहा सेकंद असेल. दोरीला झटका देऊन झाल्यावर, ती लाट पलीकडच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंतचा वेळ.

टक-टक.

आणि पुन्हा, अजिबात संशय राहू नये म्हणून सावकाश. टक-टक.

"दोनों!" नायर अंकल ओरडले. खाली आईने जमिनीवर बसकण मारली. तिचे ओठ हलत होते, ती त्रिसरण म्हणत होती.

*

बुलडोझर बंद झाला. अग्निशमनवाले आले, त्यांनी खड्ड्याची बाजू सोडली आणि टाकीच्या बाजूने, पंपाच्या खोलीला हवेसाठी ठेवलेल्या झरोक्याकडून, हातांनी उकरायला सुरुवात केली. सोसायटीतले पुरुष रांग करून घमेली पुढे देत होते. खड्ड्यातले मजूर न सांगता वर आले आणि त्या रांगेत उभे राहिले. माझं काम पाइपापाशी होतं. मी एक ठोका मारायची, खालून एक यायचा. तेवढंच. "आहात?" "आहे."

त्या पाच तासांत मी बाबांशी जेवढं बोलले तेवढं त्याआधी कधी बोलले नव्हते. प्रत्येक ठोक्याला मी मनात काहीतरी सांगायची. बाबा, उदाहरण सापडलं. बाबा, आई ठीक आहे. बाबा, ती भेग मी तुम्हाला दाखवली नव्हती, माझी चूक झाली. आणि उत्तर यायचं, टक. कधी उशिरा यायचं. उशीर झाला की मी आकडे मोजायची. एकदा तर मी शंभरपर्यंत आकडे म्हटले तरी काहीच आलं नाही. शंभराच्या पुढे मोजायचं धैर्य होईना म्हणून पुन्हा एकपासून सुरू केलं. सदतिसाव्या आकड्याला आलं. अगदी हलकं, नखाने मारल्यासारखं.

भीतीला चव असते, हे मला त्या दिवशी कळलं. लोखंडाची, गंजाची. पाइपाला चिकटून चिकटून माझ्या ओठांना ती लागली होती.

तीनच्या पुढे केव्हातरी खाली एकदम गलका झाला. "निकल आए! साहब निकल आए!" आईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. "सुजाता! बाबांना काढलं गं!"

मी उठणार होते. कान अजून पाइपावर होता.

टक.

खाली बाबांना बाहेर काढलेलं होतं. मी खिडकीतून पाहिलं. चार माणसांच्या हातांत बाबा होते, पांढरेफटक, वाळूने माखलेले, कपाळावर काळं पडलेलं रक्त. त्यांचे दोन्ही हात खाली लोंबत होते. ते बेशुद्ध होते, श्वास चालू होता.

टक, पाइप म्हणाला. टक.

मी बत्ता उचलला आणि उत्तर दिलं. आणखी पाऊण तासाने हरपालला काढेपर्यंत मी उत्तरं देत होते.

*

बाबांच्या डोक्याला मार होता, दोन फासळ्या मोडल्या होत्या. बुधवारी त्यांनी मला ओळखलं. भिंत आली एवढं त्यांना आठवत होतं, पुढचं काहीच नाही. आज ते नागपूरला असतात, ऐंशीला आलेत, आणि खोलीचं दार लावून झोपत नाहीत. बाकी तब्येत उत्तम.

मंगळवारचा पेपर मी दिला. आई म्हणाली, जा, इथे बसून काय करणार. हॉलमध्ये बाकावर पाण्याची बाटली होती, मी तिच्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. तरंगाचा प्रश्न आलेला होता. माध्यमाचे कण आपली जागा सोडत नाहीत, फक्त हालचाल पुढे देतात, एवढं मी लिहिलं आणि पुढचं पान कोरं ठेवलं. पास झाले.

हरपालचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तो सरकारी हॉस्पिटलमध्ये वेगळ्या वॉर्डात होता. शनिवारी आई आणि मी त्याच्यासाठी डबा घेऊन गेलो. त्याची बायको गावाहून आली होती, तिने आम्हाला स्टूल दिलं. आईने त्याच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "भैया, आपने बता दिया कि दोनों हैं, इसलिए मशीन रुकी. साहब बच गए."

हरपाल छताकडे बघत होता. त्याच्या नखांत अजून वाळू होती.

"भाभीजी, झूठ बोला था मैंने," तो म्हणाला. "साहब उधर टंकी की तरफ गिरे थे. मेरा पैर दबा था, उन तक हाथ नहीं पहुँचता था. कितनी आवाज़ दी. जवाब नहीं आया. मैं तो समझा, गए."

आईचा हात तिथेच राहिला. "फिर दो क्यों बजाए?"

तो जरासा हसला. रागाने नव्हे. एखादी साधी गोष्ट लहान मुलाला सांगावी तसं त्याने सांगितलं.

"एक बजाता, तो ऊपर लोग सोचते, कौन सा एक?"

आई त्याला पुन्हा पुन्हा सांगू लागली, नहीं भैया, ऐसा कोई नहीं सोचता, हमारे यहाँ ऐसा कोई नहीं. ती मनापासून सांगत होती. माझ्या बाबांच्या वडिलांना आयुष्यभर माणसांत कितवं धरलं गेलं, ते तिला माहीत होतं, म्हणून तर ती इतक्या कळवळून बोलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, की मीही काहीतरी बोलावं. "सांग ना गं त्यांना."

मी डब्याचं झाकण लावत होते. ते बसत नव्हतं.

दोन ठोके येण्याआधीच्या त्या दहा सेकंदांत, पाइपाला कान लावून, डोळे मिटून, एकच येणार असेल तर तो कोणाचा असावा, हे मी मनातल्या मनात मागून मोकळी झाले होते.